धक्का कोण मारणार?

माणसानं एकनिष्ठ असावं की प्रसंग पाहून वागावं, हा प्रश्न तसा फार जुना. पुराणांनी तो पतिव्रतांना विचारला, लोकशाहीनं तो आमदारांना विचारला, आणि दोन्ही ठिकाणी मिळालेली उत्तरं जगजाहीर आहेत. आमच्या धाराशिवात मात्र हा प्रश्न एका मोटारीला विचारण्यात आला. मोटारीनं काही उत्तर दिलं नाही. तिचं बॉनेट उघडं होतं आणि आतलं निम्मं सामान गोणपाटावर मांडलेलं होतं. अशा अवस्थेत कुणालाही तात्त्विक प्रश्न विचारू नयेत हे मला मान्य आहे. पण विचारणारा माझा भाचा होता, आणि पंचविशीतल्या माणसाला प्रश्न पडायला वेळकाळ लागत नाही.

आधी या भाच्याविषयी. त्याला वेग फार आवडतो. सकाळी साडेनवाच्या आत तो उठत नाही, पण एकदा उठला की त्याला वेग आवडतो. या आवडीपोटी त्यानं एक जर्मन बनावटीची, टर्बो की काय म्हणतात ती लावलेली, सेकंडहँड गाडी घेतली. तिला तो 'परफॉर्मन्स कार' म्हणतो. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. परफॉर्मन्स म्हणजे गॅदरिंगमध्ये पोरं करतात ते, एवढंच मला ठाऊक. पण या गाडीचा परफॉर्मन्स गावात पाहायला मिळत नाही. आमच्या गल्लीत दर वीस पावलांवर गतिरोधक आहे आणि दोन गतिरोधकांच्या मधे एक म्हैस आहे. शिवाय इंजिनात मनासारखे फेरफार करून गाडी रस्त्यावर आणायची म्हटली, तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं. म्हणून ही गाडी शर्यतीला जाते ती टेंपोत बसून. साऱ्या जिल्ह्यात सर्वांत वेगवान असलेली गाडी ताशी चाळीसच्या वेगानं, दोरखंडानं बांधलेली, टेंपोतून सोलापूर रस्त्याला लागते, तेव्हा मला उगीचच काही थोर माणसांची आठवण होते.

तर एके दिवशी या भाच्यानं जाहीर केलं, "मामा, गाडी आता इथेनॉलवर घ्यायची."

"म्हणजे दारूवर?" आमच्या सौभाग्यवतींनी आतून विचारलं. रसायनशास्त्र त्या कधी शिकल्या नाहीत, पण मूळ मुद्दा त्यांना नेमका सापडतो. माणूस पितो ते आणि गाडी पिते ते, रसायन एकच. फरक एवढाच, की माणसाला त्यात पाणी घातलेलं चालतं. पेट्रोलात मिसळायच्या इथेनॉलात पाणी राहून चालत नाही. तिथं ते जवळजवळ कोरडं, नव्याण्णव टक्क्यांच्या वरचं लागतं. म्हणजे शुद्धतेच्या बाबतीत गाडी माणसापेक्षा चोखंदळ आहे. आणि प्याल्यावर ती सरळ चालते, हा आणखी एक फरक.

इथेनॉल ही आमच्या जिल्ह्याला काही परकी वस्तू नाही. कारखाना, ऊस, मळी यांच्या वासात आमच्या दोन पिढ्या गेल्या. हंगामात रात्री वारा कारखान्याकडून आला, की न पिताही गाव झिंगल्यासारखं वाटतं. पेट्रोलात इथेनॉल मिसळून पाहायचा पहिला सरकारी प्रयोग २००१ साली झाला, त्यातल्या तीन ठिकाणांपैकी दोन आपल्या महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड. पुढे २०२२ साली देशभर दहा टक्के मिसळण झाली, २०२५ साली वीस टक्के. आज तुम्हीआम्ही पंपावर जे पेट्रोल म्हणून भरतो त्याचा पाचवा हिस्सा इथेनॉल असतं. जवळजवळ निव्वळ इथेनॉल विकणारे पंपही मार्च २०२४ मध्ये सुरू झाले. पाच राज्यांत मिळून १८३. आपलं राज्य त्या पाचांत आहे. म्हणून आम्ही आमच्या नेहमीच्या पंपावर चौकशीला गेलो.

"इथेनॉल आहे का?" भाच्यानं विचारलं.

"आहे की," पंपावरचा पोरगा म्हणाला. "पेट्रोलातच आहे. तुमचं तुम्ही वेगळं काढून घ्या."

तिथून आम्ही मिस्त्रींच्या गॅरेजात गेलो. मिस्त्रींचं शिक्षण अँबॅसिडर, फियाट आणि मेटॅडोर या तीन विद्यापीठांत झालेलं. मोठा स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं, ही त्यांची पद्धत. ते डोळे मिटून उभे राहिले, की मला हटकून तेरच्या गोरोबाकाकांची आठवण येते. मुक्ताबाईनं विचारलं, काका, यात कच्चं मडकं कोणतं, आणि काकांनी थापटणं घेऊन जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक टोला देत नामदेवांना कच्चं ठरवलं, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. आवाजावरून आतला कच्चेपणा ओळखायची ही विद्या आमच्या तेरणेकाठची. मिस्त्री तीच चालवतात. फक्त मडक्याला 'नॉकिंग' म्हणतात.

हे नॉकिंग म्हणजे काय, ते मिस्त्रींनी मला एसटीच्या भाषेत समजावलं. इंजिनाच्या नळकांड्यात हवा आणि इंधन कोंबून भरायचं असतं. साध्या पेट्रोलच्या गाडीत साधारण दहा माणसं एका माणसाच्या जागेत बसवतात. जेवढी गर्दी जास्त, तेवढा स्फोटाचा जोर जास्त. पण फार कोंबलं तर कंडक्टरनं घंटी मारायच्या आधीच आतली मंडळी भडकतात, आणि पिस्टनवर अवेळी हातोडा बसतो. तो आवाज म्हणजे नॉकिंग. किती कोंबलं तरी इंधन न भडकता दम धरतं, त्या सहनशक्तीला ऑक्टेन म्हणतात. वीस टक्के मिसळणीच्या आधी आपलं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं असे. इथेनॉल शंभराच्याही वर, १०८-१०९ च्या घरात. (माझ्या बहिणीचं ऑक्टेन १२० असावं. त्याशिवाय हा मुलगा आणि त्याचा बाप एकाच घरात नांदवता आले नसते.) त्यातून इथेनॉलचा गुण असा, की वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषतं. सुई टोचण्याआधी कंपाउंडर स्पिरिटचा बोळा फिरवतो तेव्हा दंडाला थंड वाटतं ना, तसंच इंजिनाला आतून थंड वाटतं. मग आणखी कोंबता येतं, ठिणगी लवकर देता येते, टर्बोला जास्त फुगवता येतं. आणि ताकद वाढते.

"मग घाला की," मी म्हणालो.

"गुरुजी, घालण्यात तीन तऱ्हा आहेत," मिस्त्री म्हणाले.

पहिली तऱ्हा, गाडीला हात लावायचा नाही. कंपनीनं दिली तशी ठेवायची, पंपावर मिळेल ते वीस टक्केवालं पाजायचं आणि गप्प बसायचं. ही संसारी माणसाची तऱ्हा. दुसरी, गाडी पूर्णपणे इथेनॉलची करायची. दहाच्या ऐवजी बारा-तेरा माणसं कोंबायची. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे तेवढ्याच हवेला दीडपटीहून जास्त इंधन पाजावं लागतं, म्हणून तोट्या मोठ्या, पंप मोठा, रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या. लिटरमागे मिळणारी ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी, तेव्हा खर्चाचं बोलायचं नाही. पण ताकद मात्र अशी, की ज्याचं नाव ते. अट एकच. ती गाडी पुन्हा पेट्रोलवर चालवायची नाही. चालवली तर ती पिस्टनांची चटणी करते. तिसरी तऱ्हा मधली. इंधनाच्या नळीत एक सेन्सर बसवायचा. आत किती इथेनॉल, किती पेट्रोल ते तो ओळखतो, आणि गाडीचा मेंदू त्याप्रमाणे तोटी आणि ठिणगी सांभाळून घेतो. याला फ्लेक्स म्हणतात. मिळेल ते पिते. पण कोंबाकोंब दोघांना सोसेल एवढीच ठेवावी लागते. म्हणजे इथेनॉलवरचं शिखर काही गाठता येत नाही.

भाच्यानं अर्थात दुसरी तऱ्हा निवडली. "मामा, करायचं तर शंभर टक्के करायचं. हे मिळेल ते पिणं म्हणजे तत्त्व नसलेल्या माणसाचं लक्षण."

वाचकहो, या वाक्यात दम आहे. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलं गेलं. कीर्तनकारांनी चातकाची गोष्ट सांगितली, तहानेनं मरेल पण जमिनीवरचं पाणी पिणार नाही. तालमीतल्या वस्तादांनी सांगितलं, एका लंगोटीवर राहा. आणि जगात जे काही मोठं झालं ते एका गोष्टीसाठी सर्वस्व लावणाऱ्यांनीच केलं, हेही खोटं नाही. चार रागांना सारखाच वेळ देणाऱ्या गवयाचा एकही राग ऐकवत नाही. तेव्हा भाच्याला उत्तर द्यायला मला काही सुचेना. मी आपला भूगोलाचा मास्तर, म्हणून ब्राझीलला गेलो. मनानंच.

ब्राझील हा उसाचा देश. तेल महाग झालं म्हणून १९७५ साली त्यांनी गाड्यांना उसाचं अल्कोहोल पाजायची मोठी राष्ट्रीय योजना काढली. १९७९ साली निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. थंडीत ती सकाळी सुरू व्हायला कुरकुरे, म्हणून या जातीच्या गाड्यांत पेट्रोलची एक छोटी टाकी ठेवत, कुंकवाच्या करंड्याएवढी. लोकांनी योजना उचलून धरली. १९८० ते १९९० च्या दशकाच्या मध्याला तिथं विकल्या जाणाऱ्या दहा नव्या गाड्यांतल्या नऊ निव्वळ इथेनॉलच्या होत्या. एवढी एकनिष्ठा आपल्याकडे फक्त लग्नाच्या पहिल्या वर्षी दिसते. मग दशकाच्या अखेरीला साखरेला जगात भाव आला. कारखानदारांनी रस साखरेकडे वळवला. पंपावर इथेनॉल संपलं, रांगा लागल्या. गाड्या होत्या, ताकद होती, तत्त्व होतं. टाकीत काही नव्हतं. लोकांचा विश्वास असा उडाला, की नव्या इथेनॉल गाड्या कुणी घेईना. पुन्हा गाडं रुळावर यायला २००३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी फोक्सवॅगन गोल नावाची फ्लेक्स गाडी आली. मिळेल ते पिणारी. आज तिथं तीच जात सगळीकडे दिसते.

"ते ब्राझीलचं झालं," भाचा म्हणाला.

मग मी घरच्या भूगोलावर आलो. ७ डिसेंबर २०२३ ला, त्या वर्षी पाऊस कमी झाला म्हणून, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्र सरकारनं एकाएकी बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल केली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी उठवली. पण ज्यांनी रसावरच सारी यंत्रं मांडली होती त्यांचा तो हंगाम कसा गेला असेल, याची कल्पना करा. दोष कुणाला द्यायचा? साखर पुरली पाहिजे, हेही खरंच. एका इंधनाशी लग्न लावलं, की त्या इंधनाचे आईबाप, भाऊबंद, पाऊसपाणी आणि दिल्ली, सगळ्यांशीच लग्न लागतं.

इथवर हा वाद गॅरेजचा होता. पण नव्या इंजिनाला पैसे लागणार, आणि पैसे दाजींकडून येणार, म्हणून वाद पाच एकरांवर गेला. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. पाच एकर रान, एक विहीर, एक बोअर. आजवर त्यांचं रान म्हणजे भेळ. एकरभर ऊस, बाकी सोयाबीन, तूर, उडीद, थोडी ज्वारी. भाच्यानं त्यांना पटवलं, की पाचही एकर ऊस लावा. इथेनॉलमुळं कारखान्याकडे पैसा खेळतोय. दीड वर्षात बिल आलं की माझं इंजिन, उरलं तर आईला पाटल्या. म्हणजे बापाचं रानही दुसऱ्या तऱ्हेचं करायचं. शंभर टक्के.

दाजी येडे नाहीत. "गुरुजी," ते मला म्हणाले, "सोयाबीनला कोण विचारायलंय? काढणीच्या टायमाला भाव पडतो. उसाला सरकार भाव बांधून देतंय, चौदा दिवसांत पैसे द्यायचा कायदा हाय. मळणी न्हाई, राखण न्हाई, गारपिटीनं सगळा जात न्हाई. तोडायला बी कारखान्याचीच टोळी येते. दुसरं एक पीक दाखवा असलं, आत्ता लावतो." मी दाखवू शकलो नाही. शहरात बसून 'दुष्काळी भागात ऊस कशाला' म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांनी एकदा तरी तुरीच्या पट्टीवर घर चालवून पाहावं, मग बोलावं.

तेव्हा बहीण दारात धान्य पाखडत बसली होती. ती सूप खाली न ठेवता म्हणाली, "लावा की पाच एकर. फकस्त एवढं सांगा, विहीर आटली की धक्का कोण मारणार?"

कुणी बोललं नाही. धक्का हा शब्द ज्यांनी जुन्या गाड्या वापरल्यात त्यांना वेगळा समजवायला नको. गाडी बंद पडते तेव्हा जो स्टिअरिंगवर असतो तो तिथंच बसतो. ढकलायला खाली उतरतात ते बाकीचे. २०१६ च्या उन्हाळ्यात दाजींचा एकरभर ऊस बोअरच्या शेवटच्या पाण्यावर तगला होता, आणि माझी बहीण टँकरपुढं घागरींची रांग लावून उभी होती. ऊस दाजींनी जगवला असं गावात म्हणतात. धक्का तिनं मारला होता.

त्या रात्री मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला एक हिशेब मांडला. नीती आयोगाचा २०२१ चा इथेनॉलविषयीचा अहवाल सांगतो, की उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. भाच्याच्या गाडीची टाकी ३५ लिटरची धरा. एक टाकी म्हणजे एक लाख लिटर पाणी. दहा हजारी टँकर धरले तर दहा टँकर. आता त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी पोचवलं ते आठवा. (१९८२ पर्यंत लातूर आमच्याच जिल्ह्यात होतं, म्हणजे तहान घरचीच.) पहिल्या गाडीनं आणलेलं पाणी होतं सुमारे पाच लाख लिटर. फलाटावर गर्दी, फोटो, हार. ते सगळं पाणी म्हणजे उसाचं १७५ लिटर इथेनॉल. म्हणजे भाच्याच्या पाच टाक्या. आणि ती पाण्याची रेल्वे निघाली होती कुठून? मिरजेहून. तेच मिरज, जिथं २००१ साली इथेनॉलचा पहिला प्रयोग झाला होता.

हिशेब भाच्याला दाखवला. तो इंजिनिअर, लगेच चुका काढायला बसला. म्हणाला, मळीपासून होतं त्याला एवढं पाणी धरू नका, मळी साखर करताना उरतेच. खरं आहे. म्हणाला, आता देशात निम्म्याहून जास्त इथेनॉल मका-तांदळासारख्या धान्यापासून होतं. तेही खरं. म्हणाला, पेट्रोल काय तुळजापूरच्या कल्लोळ तीर्थातून येतं? त्याचेही धक्के कुणीतरी मारतच असेल. हे तर फारच खरं. त्याच्या हुशारीबद्दल मला कधीच शंका नव्हती. पण सगळ्या वजाबाक्या करूनही आमच्या विहिरीच्या बाजूला जे उरत होतं, ते घागरीनं मोजायचं होतं आणि घागर त्याच्या हातात नव्हती.

एकनिष्ठेविषयी माझं कोडं मला तिथं थोडं सुटल्यासारखं वाटलं. गोरोबाकाका पांडुरंगाच्या नामात इतके रंगले, की चिखल तुडवताना आपलंच तान्हं मूल पायाखाली आल्याचं त्यांना कळलं नाही, अशी कथा आहे. ती ऐकताना लोक काकांच्या तन्मयतेपुढं हात जोडतात. मीही जोडतो. पण त्या कथेत एक आईही आहे, आणि तिचा आक्रोश कथेनं लपवलेला नाही. पुढं पांडुरंगानं मूल परत दिलं म्हणून सारं निभावलं. काकांच्या पाठीशी पांडुरंग होता. आमच्या भाच्याच्या पाठीशी फायनान्सवाला आहे. आपण काय पणाला लावतोय हे पाहावं, असं मला वाटतं. गवयानं आपला गळा पणाला लावावा, पैलवानानं आपलं अंग, संतांनी तर सारं आयुष्यच. मात्र डावावर दुसऱ्याच्या घागरीतलं पाणी असेल, तर खेळण्याआधी त्या घागरवाल्या माणसाला विचारावं लागतं. शिखर गाठणं वाईट नाही. पण त्याचा खर्च ज्याच्या नावावर पडणार त्याला न विचारता गाठलेलं शिखर, मग ते किती का उंच असेना, उधारीवरचं असतं.

"मग काय, सगळ्यांनी मधल्या तऱ्हेनंच जगायचं?" भाचा चिडून म्हणाला. "धड हे नाही, धड ते नाही?"

हा आक्षेप मला लागला, कारण मधल्या तऱ्हेतही लबाडी असते. प्रत्येक पंपावर वेगळं पिऊन प्रत्येक पंपवाल्याला 'तुमचंच बरं' म्हणणारे लोक आपण रोज पाहतो. त्यांचा सेन्सर उत्तम चालतो. पण ते इंधनाबरोबर रस्ताही बदलतात. फ्लेक्स गाडी तसं करत नाही. ती इंधन बदलते. जायचं तिथंच जाते. एवढा फरक लक्षात ठेवला तर मधली तऱ्हा काही पळपुट्याची नव्हे.

याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट आली. ऑक्सिजनसाठी माणसं दारोदार फिरत होती. तेव्हा कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्यानं आपल्या इथेनॉलच्या यंत्रणेत फेरफार करून ऑक्सिजन तयार केला. इथेनॉल कोरडं करायला त्यातलं पाणी पकडणारी एक चाळणी लागते, खड्यांसारख्या पदार्थाची. हवेतला नायट्रोजन पकडणारी चाळणी मिळाली तर उरतो तो मुख्यतः ऑक्सिजन. तत्त्व जवळचंच. म्हणून वळता आलं. दारूसाठी मांडलेली चूल वेळेला माणसांच्या श्वासाला कामी आली. त्या यंत्रानं काही तत्त्व सोडलं, असं कुणी म्हणालं नाही.

आणि नळदुर्ग तर चारशे वर्षं उभा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, बोरी नदीवर तिथं बंधारा बांधला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल केला. पाणी महाल. वर पुराचं पाणी, आत माणसं बसलेली. बांधणाऱ्यानं भिंतीला सांडवे ठेवले. तेच आपले नर आणि मादी धबधबे. सांडवे ठेवले नसते तर काही हात पाणी जास्त साठलं असतं, आणि पहिल्याच मोठ्या पुरात महालातल्या माणसांसकट गेलं असतं. पाऊस झाला की आपण सहकुटुंब पाहायला जातो, डबे खातो आणि फोटो काढतो, ते खरं म्हणजे त्या कारागिरानं सोडून दिलेलं पाणी असतं.

शेवटी काय झालं ते सांगतो. दाजींनी ऊस दोन एकर लावला, ठिबकवर. एकाचे दोन झाले, तेव्हा भाचा जिंकला असं तो म्हणतो. पाचाचे दोन झाले, तेव्हा बहीण जिंकली असं ती म्हणत नाही. ती बोलतच नाही. उरलेल्या तीन एकरांत तूर आणि ज्वारी आहे. भाव काय येईल देव जाणे. दाजी अजूनही मधूनच मला म्हणतात, "गुरुजी, पाच लावले असते तर..." आणि यंदा पाऊस बरा झाला, तर त्यांचं म्हणणं हिशेबानं बरोबरच ठरेल. मी त्यांना काही बोलत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी शहाणपण नेहमीच तोट्यात असतं.

इंजिनाचा खर्चही त्या मानानं आवरावा लागला. पिस्टन होते तेच राहिले. तोट्या आल्या, सेन्सर आला, मिस्त्रींनी पुण्याहून कुणाकडून तरी गाडीचा मेंदू पढवून आणला. तिसरी तऱ्हा. भाचा काही दिवस रुसला होता. परवा म्हणे शर्यतीच्या जागी इथेनॉल आणणारं वाहनच पोचलं नाही. एका तऱ्हेच्या गाड्या ओळीनं उभ्या राहिल्या, चकचकीत, तत्त्वनिष्ठ आणि कोरड्या. यानं साधं पेट्रोल भरलं आणि पळाला. पहिला आला का, असं मी विचारलं. "न्हाई, सहावा," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "पण मामा, चालवत गेलो आणि चालवत आलो."

मिस्त्रींना मी ही हकिगत सांगितली. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पुसला, बॉनेट खाली ओढलं आणि म्हणाले, "गुरुजी, ही गाडी आता काहीही पिते, पण शुद्धीवर असते." मग शेजारच्या रिक्षाला धक्का मारायला निघून गेले.